खाऱ्या पाण्यातलं औषध

शंभर ट्रक कोळंबी डोळ्यांसमोर आणा. एकेका ट्रकात दहा टन माल. या सगळ्या मालाच्या मांसात मिळून चिमूटभर मिठाइतकं, म्हणजे ग्रॅमच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही थोडं कमी, क्लोरॅम्फेनिकॉल नावाचं औषध निघालं, तर युरोपच्या बंदरात तो माल अडू शकत होता. ही मर्यादा २००३ साली ठरली. २०२२ च्या अखेरीस तीसुद्धा निम्म्यावर आणली गेली.

आमच्या मंडळात मी हा विषय काढला तेव्हा दोघी-तिघींनी नाक मुरडलं. साहजिकच होतं. ज्या गावाला जायचं नाही त्या गावचा रस्ता कशाला विचारायचा? आपल्या घरात मासळी येत नाही, कोळंबी शिजत नाही, मग तिच्या मांसात औषध असलं काय नि नसलं काय! पण मला या गोष्टीत कोळंबीपेक्षा औषधच जास्त दिसतं, आणि ते औषध काही परकं नाही. तुमच्या-माझ्या घरच्या औषधाच्या डब्यातून गेलेलं ते औषध आहे.

क्लोरॅम्फेनिकॉलचंच घ्या. १९४७ साली व्हेनेझुएलातल्या मातीतल्या एका सूक्ष्म जिवापासून ते मिळालं. आपल्या आई-आजींना ते ‘क्लोरोमायसेटिन’ म्हणून माहीत असेल. त्याआधी विषमज्वर म्हणजे मुदतीचा ताप. एकवीस दिवस माणूस अंथरुणाला खिळायचा आणि घरातली बाई त्याच्या उशाशी बसून दिवस मोजायची. खानदेशात माझ्या माहेरी मोठ्या काकांचा ताप या औषधाने उतरला, ही गोष्ट आजी देवाच्या गोष्टीसारखी सांगायची. १९५४ साली पुण्याजवळ पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा सरकारी कारखाना निघाला. तिथे आधी पेनिसिलिन तयार होऊ लागलं आणि ‘अँटिबायोटिक’ हा शब्द हळूहळू मराठी घरात येऊन बसला. त्या पिढीला या औषधांबद्दल जी कृतज्ञता होती ती खरी होती. ज्यांनी मुलं गमावलेली असतात त्यांनाच औषधाची किंमत कळते.

मग याच औषधाची एवढी धास्ती का? क्लोरॅम्फेनिकॉलमुळे हजारोंमधल्या एखाद्याच्या हाडांतला मगज रक्त तयार करायचंच थांबवतो. हे फार क्वचित होतं, पण झालं तर जीवघेणं ठरतं. शिवाय किती औषध पोटात गेलं यावर ते अवलंबून नसतं. थोडं घेतलं म्हणून वाचलो, असा हिशेब इथे चालत नाही. म्हणून ‘इतकं चालेल’ अशी रेघ शास्त्रज्ञांना मारताच आली नाही. खायच्या प्राण्यांना ते द्यायचंच नाही, असं युरोपने १९९४ साली ठरवून टाकलं.

१९९४ म्हटलं की आम्हा सुरतवाल्यांना दुसरंच काही आठवतं.

त्या वर्षी ऑगस्टमध्ये बीड जिल्ह्यातल्या मामला गावात प्लेगच्या गाठी दिसल्या. आदल्या वर्षीच्या किल्लारीच्या भूकंपाने मराठवाडा अजून सावरला नव्हता. सप्टेंबरमध्ये तापीला पूर येऊन गेला, गणपतींचं विसर्जन झालं, आणि मग वेड रोडच्या बाजूने बातम्या येऊ लागल्या की खोकून, रक्त ओकून दोन दिवसांत माणसं जाताहेत. तीन-चार दिवसांत लाखो लोकांनी शहर सोडलं. आमच्या खानदेशाकडे जाणाऱ्या तापी लाइनच्या गाड्यांना माणसं बाहेरून लटकलेली होती. उधना-लिंबायतकडे राहणारी लूमवरची कितीतरी मराठी कुटुंबं त्या गाड्यांत होती. डॉक्टरसुद्धा दवाखान्यांना कुलपं लावून गेले. शेवटी मृत्यूंचा आकडा पन्नासच्या आसपास थांबला, पण त्या आठवड्यात कोणाला काय माहीत होतं!

त्या दिवसांत शहरात सोन्यापेक्षा टेट्रासायक्लिनला भाव होता. औषधांच्या दुकानांतून ते नाहीसंच झालं. नंतर सरकारी साठा आला, वाटप झालं. लग्न होऊन मी सुरतेत आले त्याला तेव्हा थोडीच वर्षं झाली होती. सासूबाईंनी सगळ्यांसाठी गोळ्यांचे वाटे केले आणि प्रत्येकासमोर दुधाचा पेला ठेवला. औषध उष्ण पडू नये म्हणून दूध, ही आपली घरोघरची रीत. नात्यातल्या एका डॉक्टरांनी फोनवरून ओरडून सांगितलं, “दुधाबरोबर घेऊ नका, वाया जाईल!” दुधातलं कॅल्शियम टेट्रासायक्लिनला धरून बसतं आणि मग ते आतड्यातून रक्तात नीट उतरत नाही. लहान मुलांना ते देऊ नये यामागचं कारणही हेच. ते वाढत्या दातांतल्या-हाडांतल्या कॅल्शियमला चिकटतं आणि दात कायमचे पिवळट-करडे होतात. माझ्या वयाच्या काही बायका आजही तोंडावर पदर धरून हसतात. लहानपणी घेतलेल्या औषधाचा अंश त्या आयुष्यभर दातांत वागवताहेत.

आता समुद्राच्या पाण्याकडे येऊ. टेट्रासायक्लिनचं भावंड म्हणजे ऑक्सिटेट्रासायक्लिन. जगभरच्या मत्स्यशेतीत ते खाद्यात मिसळून दिलं गेलं. समुद्राचं पाणी कॅल्शियम-मॅग्नेशियमने भरलेलं असतं, म्हणजे दुधाच्या पेल्याची गोष्ट इथेही आलीच. खाऱ्या पाण्यातल्या माशाच्या अंगात त्यातलं फार थोडं उतरतं. बाकीचं विष्ठेतून आणि न खाल्लेल्या खाद्यातून तळाच्या गाळात जातं. कोळंबीच्या किंवा माशाच्या मांसात जे सापडतं तो या खर्चाचा शेवटचा आणा. बाकीचा रुपया चिखलात पडलेला असतो. तिथे अगणित जिवाणू त्या औषधाची सवय करून घेतात आणि ती सवय एकमेकांना देतातही. अर्धवट औषध घेतलं तर जंतू मरत नाहीत, उलट शिकतात, असा इशारा अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी १९४५ सालीच नोबेलच्या व्याख्यानात दिला होता. ते माणसाच्या गोळ्यांबद्दल बोलत होते. गाळातल्या गोळ्यांचा विचार तेव्हा कोणी केला नव्हता.

आपल्याकडे पाणी गाळून झालं की गाळण्यातले जीव ज्या विहिरीचं पाणी त्याच विहिरीत सोडायची पद्धत होती. जिवाणी म्हणायचे तिला. एका पाण्याचे जीव दुसऱ्या पाण्यात गेले तर ते जगत नाहीत, असा त्यामागचा विचार. तलावातलं पाणी भरती-ओहोटीबरोबर खाडीत जातं आणि खाडीतलं तलावात येतं, हे वाचलं की मला ती जिवाणी आठवते. पाण्याच्या सीमा आपल्या आज्यांना आपल्यापेक्षा जास्त कळत होत्या, असं मला वाटतं.

हे तलाव लांब कुठे नाहीत. ओलपाड, चोर्यासी, मजुरा आणि पुढे नवसारीकडे जलालपोर तालुक्यात खाडीकाठची खारी जमीन आहे. पूर्वी तिथे गांडो बावळशिवाय काही वाढत नसे. आता मैलोन् मैल चौकोनी पाणी दिसतं आणि त्यात हवा मिसळणारी चाकं रात्रंदिवस फिरत असतात. लोक त्यांना ‘झिंगा तलाव’ म्हणतात. झिंगा म्हणजे आपली कोळंबी. शास्त्राच्या हिशेबात ती मासा नाही, पण बाजारात आणि कायद्यात ती मासळीतच मोडते. जवळच सुवाली आहे. इंग्रजांची जहाजं चारशे वर्षांपूर्वी जिथे नांगर टाकायची तोच हा किनारा. इथून परदेशी ताटात माल जाणं आणि तिथे त्याची पारख होणं या किनाऱ्याला नवं नाही.

१९९० नंतर देशात ‘टायगर’ कोळंबीची लाट आली. शेतीत कधी न दिसलेला पैसा दिसू लागला. १९९४-९५ मध्ये पूर्व किनाऱ्यावर पांढऱ्या ठिपक्यांचा रोग आला आणि तलावच्या तलाव आठवड्यात साफ झाले. पाठोपाठ ११ डिसेंबर १९९६ ला जगन्नाथन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने किनारपट्टीवरच्या तलावांवर कडक निकाल दिला. २००५ मध्ये किनारी मत्स्यशेतीचा कायदा आणि त्याचं प्राधिकरण आलं. २००९ पासून परदेशातून रोगमुक्त ‘व्हेनामी’ जातीची कोळंबी आणायला परवानगी मिळाली आणि धंदा पुन्हा उभा राहिला. मधल्या काळात सुरतेच्या आसपास सरकारी जमिनीवर किती तलाव बेकायदा खोदले गेले याची प्रकरणं हरित लवादापर्यंत गेली, बुलडोझरही फिरले. तो वेगळा लेख होईल.

मला थांबावंसं वाटतं ते पांढऱ्या ठिपक्यांपाशी. हा रोग विषाणूचा, आणि विषाणूवर अँटिबायोटिक चालत नाही. तरीही तलावांत अँटिबायोटिकं पडली. मुलाला साधी सर्दी झाली तरी डॉक्टरकडून ‘स्ट्राँग गोळी’ मागून आणणारी आई आणि तलावात मेलेली कोळंबी तरंगताना बघून दुकानदाराने दिलेला पुडा फोडणारा शेतकरी, या दोघांत मला काडीचा फरक दिसत नाही. दोघांनाही हातावर हात ठेवून बसणं सहन होत नाही. त्यातून शेतकऱ्याने बियाण्यापासून खाद्यापर्यंत उधारीवर लाखो ओतलेले असतात. काही वेळा तर पुड्यावर औषधाचं नावच नसतं, ‘वाढीसाठी’ किंवा ‘पाणी सुधारण्यासाठी’ एवढंच छापलेलं असतं. म्हणून तर अँटिबायोटिक नसलेल्या खाद्य-पुड्यांची नोंदणी प्राधिकरणाला सुरू करावी लागली.

वादळ फुटलं २००१-०२ मध्ये. चीन, व्हिएतनाम, थायलंड आणि भारत इथून गेलेल्या कोळंबीत युरोपच्या प्रयोगशाळांना क्लोरॅम्फेनिकॉल आणि नायट्रोफ्युरान सापडू लागली. जानेवारी २००२ मध्ये युरोपने चीनमधून येणारा प्राणिजन्य माल बंदच केला. काही देशांत पकडलेला माल जाळून टाकला गेला. जीव घेऊन, गोठवून, सातासमुद्रापार नेऊन शेवटी भट्टीत. कोणाच्याच पोटात न गेलेल्या त्या हत्येचा हिशेब कोणत्या वहीत मांडायचा, मला सांगता येत नाही.

हे सगळं तेव्हाच का सापडलं? कोळंबी अचानक बिघडली नव्हती, यंत्र सुधारलं होतं. पूर्वीची पद्धत साधी होती. बशीत जंतू वाढवायचे आणि त्यावर मांसाचा तुकडा ठेवायचा. तुकड्याभोवती जंतू वाढले नाहीत तर मांसात औषध आहे. ज्याचा एवढाही परिणाम दिसत नसे ते ‘शून्य’ धरलं जाई. मग वस्तुमान मोजणारी यंत्रं आली आणि अब्जातला एक भागही दिसू लागला. कायद्यात शब्द तोच होता, ‘शून्य’. पण कालचं शून्य आज शून्य उरलं नाही. गरीब देशांची तक्रार होती की आमचा शेतकरी तुमच्या यंत्राच्या मागे किती धावणार? तक्रारीत तथ्य होतं. पण ही औषधं तलावात कशासाठी गेली, याचं उत्तर त्या तक्रारीत नव्हतं.

नायट्रोफ्युरानची चाल आणखी वेगळी. यातलं फ्युराझोलिडोन म्हणजे जुलाबावरची ती पिवळी गोळी, आपल्या डब्यात कधी ना कधी असलेली. मूळ औषध काही तासांत अंगातून नाहीसं होतं, म्हणून जुन्या तपासणीत काहीच दिसायचं नाही. पण त्याचे तुकडे मांसातल्या प्रथिनांना धरून आठवडेच्या आठवडे बसतात आणि शिजवल्यानेही जात नाहीत. शास्त्रज्ञांनी औषध शोधणं सोडून तुकडे शोधायला सुरुवात केली तेव्हा सगळं बाहेर आलं.

सगळीच औषधं अशी पूर्ण बंद नाहीत. ऑक्सिटेट्रासायक्लिनला किलोमागे ०.१ मिलिग्रॅमपर्यंत मुभा आहे, भारतातही आणि युरोपातही. अट एवढीच की औषध थांबवल्यावर पुरेसे दिवस जाऊ द्यायचे. हे दिवस कसे मोजतात ते वाचून मला गंमत वाटली. मासा थंड रक्ताचा, त्याच्या अंगातलं सगळं काम पाण्याच्या उबेवर चालतं. म्हणून युरोपच्या नियमात दिवस गुणिले तापमान असा हिशेब असतो. त्या औषधासाठी वेगळं काही ठरलं नसेल तर २०२२ च्या सुरुवातीपर्यंत निदान ५०० व्हावे लागत. म्हणजे पाणी १० अंश असलं तर ५० दिवस आणि २५ अंश असलं तर २०. विरजण लावणाऱ्या कुठल्याही बाईला हे समजावून सांगावं लागणार नाही. जानेवारीतलं दही आणि मेमधलं दही घड्याळाने लागत नाही.

या इतिहासात मला धीर देणारं पान नॉर्वेचं आहे. १९८७ साली त्या छोट्या देशाने साल्मन माशांवर जवळजवळ ५० टन अँटिबायोटिक खर्च केलं होतं. मग त्यांनी माशांना लस टोचायला सुरुवात केली. खरंच, एकेका पिल्लाला सुई! पिंजऱ्यांतलं अंतर वाढवलं, मधल्या काळात जागा मोकळ्या ठेवल्या. आज तिथे साल्मन दहा लाख टनांच्या वर निघतो आणि वर्षाचं अँटिबायोटिक एक टनाच्या आसपास किंवा त्याहूनही कमी लागतं. चिलीमध्ये तोच मासा वाढवतात, आणि २०१४ साली तिथे ५०० टनांहून जास्त वापरलं गेलं. मासा तोच, समुद्र खाराच, फरक माणसांच्या इच्छेचा. कोळंबीला मात्र माशासारखी लस लागू पडत नाही, तिच्या रक्तात आपल्यासारखी प्रतिकाराची आठवण तयार होत नाही. तिच्यासाठी उपाय जुनेच आहेत. निरोगी बियाणं, विरळ साठवण, स्वच्छ पाणी. यात फायदा कमी होतो आणि दुकानदाराला विकायला काही उरत नाही.

आपल्या देशानेही हातपाय हलवले. काढणीच्या आधी तलावातला नमुना तपासून प्रमाणपत्र देण्याची पद्धत आली, दर वर्षी अवशेषांवर लक्ष ठेवायची राष्ट्रीय योजना आली. तरी २०१६ मध्ये युरोपने आपल्या शेतीच्या कोळंबीची तपासणी दहातल्या एका खेपेवरून दोनातल्या एका खेपेवर नेली. २०२२-२३ मध्ये आपण ७ लाख टनांहून जास्त गोठवलेली कोळंबी परदेशी पाठवली, त्यामुळे धास्ती किती मोठी असेल ते समजू शकतं. अन्नासाठी पाळलेल्या कुठल्याही प्राण्याकरिता क्लोरॅम्फेनिकॉल आणि नायट्रोफ्युरान बनवणं-विकणंच बंद करणारी अधिसूचना मात्र २०२५ साली निघाली. युरोपने पहिल्यावर बंदी घातली त्याला तोवर एकतीस वर्षं झाली होती.

आणि आपल्या बाजाराचं काय? भारतातल्या ताटासाठीही अवशेषांचे नियम २०११ पासून कागदावर आहेत. तपासणारी यंत्रं मात्र मुख्यतः निर्यातीच्या वाटेवर बसलेली. इथे मासळी खाणारी आणि न खाणारी, दोघीही एकाच नावेत आहेत. २०१८ च्या राष्ट्रीय दूध सर्वेक्षणात ६,४३२ नमुन्यांपैकी ७७ नमुन्यांत अँटिबायोटिक मर्यादेपेक्षा जास्त निघालं होतं. आकडा लहान आहे, मान्य. पण ते दूध आहे, आणि ते आपल्या देवघरापर्यंत जातं.

माझ्या लेकीच्या मैत्रिणीची आई ओलपाडकडची, कोळी पटेल. त्यांचे दोन तलाव आहेत. काढणीआधीच्या तपासणीचा कागद ती रेशनकार्डाबरोबर प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून ठेवते. त्यावर तलावाचा नंबर असतो, नमुना घेतल्याची तारीख असते, औषध सापडलं नाही असं लिहिलेलं असतं. व्यापारी आला की पहिल्यांदा तो कागद मागतो. उरलेला लहान माल सुरतेच्या मच्छीबाजारात जातो. तिथे कोणी हा कागद कधी मागितला का, असं मी तिला विचारलं.

“तिथे भाव विचारतात, बेन,” ती म्हणाली, “कागद कोण विचारणार?”